भिंतीवरची पाटी

सेलम काउंटी, न्यू जर्सी

ती. आप्पा आणि ती. सौ. आई यांस,


घर घेतलं. विटांचं, इंग्रजी अमलातलं. आईनं फोनवर पहिलंच विचारलं, "दारावर पाटी लावलीत का रे?" आई, पाटी आहे. पुरुषभर उंच आहे. फक्त नाव आपलं नाही.

इथल्या जुन्या क्वेकर मंडळींची ही रीत. भट्टीत जाळाजवळच्या विटांच्या तोंडावर निळसर झिलई चढते. त्या वेचून बाजूच्या भिंतीत नवराबायकोची आद्याक्षरं आणि साल रचायचं. याच काउंटीत निकोल्सन दांपत्याचं १७२२ सालचं असं घर आहे, म्हणजे शनिवारवाड्याच्या पायाच्याही आठ वर्षं आधीचं. साधं राहायचं व्रत घेतलेल्यांनाही भिंतभर नाव लिहिण्याचा मोह सुटला नाही, हे पाहून मला फार बरं वाटलं.

आता रडगाणं. मूळच्या दरजा चुन्याच्या. चुना मऊ, भिंतीतली ओल बाहेर जाऊ देतो. आधीच्या मालकानं हौसेनं त्या सिमेंटनं भरल्या. सिमेंट विटेपेक्षा कडक. ओल विटेतच कोंडते, थंडीत गोठून फुगते आणि विटेचे पापुद्रे सुटतात. रोज सकाळी मी घराचाच थोडा भाग केरसुणीनं गोळा करतो.

आप्पा, रागावू नका, पण तुम्हीही वाड्याला सिमेंटचा गिलावा केलात आणि तेव्हापासून माजघराला ओल आहे. आमचे आधीचे मालक आणि तुम्ही एकाच शाळेतले. पुढच्या गिलाव्याआधी मला फोन करा.

चुन्याचं काम जाणणारा म्हातारा गवंडी मिळालाय. छिन्नी-हातोडीनं सिमेंट काढतो, तासावर पैसे घेतो आणि अजिबात घाई करत नाही. नवा चुना लवकर वाळू नये म्हणून भिंतीवर ओली गोणपाटं टांगलीत. ती दिवसातून तीनदा भिजवणं माझ्याकडे. परवा शेजारच्या आजी केक घेऊन आल्या आणि हळूच विचारलं, घराला ताप आलाय का?

एक मात्र झालंय. पापुद्रे सुटून मूळ मालकाच्या ‘डब्ल्यू’चा आता स्वच्छ ‘व्ही’ दिसतो. ऋचा म्हणते, "बाबा, काम थांबवा, विनायक आजोबांचं नाव आलं." गवंड्याला मी तेवढ्या विटा शेवटी घ्यायला सांगितल्यात. आप्पा, तोवर येऊन आपल्या नावाचा फोटो काढून जा.

आपला,
बाळू

ता. क. आई, केरसुणी आणखी एक पाठव.