चोंबू, मिरी आणि एकटा माणूस

करणारा, वाढणारा, जेवणारा आणि नावे ठेवणारा एकच असतो, त्या स्वयंपाकाला एकट्यापुरता स्वयंपाक म्हणतात. कुंभकोणमसारख्या देवळांच्या गावात तो करणारे मुख्यतः दोन प्रकारचे: बदली होऊन आलेले नोकरदार आणि मुले परगावी गेल्यावर मागे उरलेली वडीलधारी माणसे. पहिल्यांना स्वयंपाक येत नसतो. दुसऱ्यांना येतो, पण आठ माणसांचा.

पहिली अडचण मापाची. कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने १९७० साली मराठी घरांना वाटी-चमच्याचे प्रमाण दिले, पण वाटी मुळात कुटुंबवत्सल. तांदूळ अर्धी वाटी घेता येतो, डाळ मूठभर. फोडणी मात्र लहान व्हायला तयार नसते. मोहरी तडतडायची तर तेलात बुडावी लागते, म्हणून एकटा माणूस कढले तिरके धरून तेल एका कोपऱ्यात जमवतो. मोहरीचे चार दाणे टाकले आणि चारही बाहेर उडाले, म्हणजे फोडणी झाली असे समजतात. नारळाचे तर काही बोलायलाच नको. तो अर्धा फोडता येत नाही.

या सगळ्यातून सुटका करणारे दोन पदार्थ गावात आहेत. एक तंजावुरी मराठी घरांतली डांगर पचडी: भाजलेल्या उडदाचे पीठ दह्यात कालवायचे, हिरवी मिरची आणि हिंग घालायचा. महाराष्ट्रातल्या डांगराचीच ही बहीण, कावेरीकाठी नांदायला गेलेली. दुसरा पदार्थ रसम. तंजावर-कुंभकोणमकडच्या जुन्या घरांत ते कथिलाच्या भांड्यात, म्हणजे ईय चोंबूत करतात. कथील सुमारे २३२ अंश सेल्सिअसला वितळते. आत पाणी असेपर्यंत चोंबूला काही होत नाही, पण तो जाळावर कोरडा राहिला तर रसम नाही आणि चोंबूही नाही, अशी अवस्था होते. म्हणून आधी चिंचेचे पाणी, मग जाळ.

मनःशांतीचा प्रश्न नेमका इथे येतो. स्वयंपाकाने मन हलके होते असे सगळेच म्हणतात. कारण फारसे कुणी सांगत नाही. एक कारण चोंबूच आहे. वरिष्ठांशी झालेले भांडण स्टीलच्या पातेल्यासमोर निवांत आठवता येते. कथिलाच्या चोंबूसमोर आठवायचे तर नवा चोंबू घेण्याची तयारी हवी. दुसरे कारण कुटण्याचे. रसमाला मिरी आणि जिरे कुटून लागतात, आणि कुटताना मनात कुणाचा चेहरा आणावा यावर कोणत्याच पाकशास्त्राने बंधन घातलेले नाही. एकट्या माणसाच्या रसमाचा तिखटपणा त्या दिवशीच्या कचेरीवर अवलंबून असतो.

या विषयातले सर्वांत नामांकित उदाहरण कुंभकोणमचेच आहे. सारंगपाणी देवळासमोरच्या सन्निधी रस्त्यावरच्या घरात वाढलेले श्रीनिवास रामानुजन गणितात बुडाले की जेवणही विसरत. मग घरातल्या बायका कालवलेल्या भाताचे घास त्यांच्या हातावर ठेवत, म्हणजे विचार तुटायला नको. असा माणूस १९१४ साली केंब्रिजला गेला आणि तिथे स्वतः रांधू लागला. कडक शाकाहारी असल्याने कॉलेजच्या भोजनगृहाचा प्रश्नच नव्हता. मसाल्याचे जिन्नस घरून पार्सलने जात. त्यांचे केंब्रिजमधले सहकारी गणिती हार्डी यांनी नोंदवले आहे की रामानुजन पायजमा चढवल्याशिवाय स्वयंपाकाला हात लावत नसत. इंग्लंडात पायजमा झोपण्याचे वस्त्र. ट्रिनिटी कॉलेजात तो सोवळ्याच्या जागी बढती पावला.

त्या वर्षअखेरीस केंब्रिजलाच शिकणारे प्रशांतचंद्र महालनोबिस 'स्ट्रँड' मासिकातले एक कोडे घेऊन त्यांच्या खोलीवर गेले. एका रस्त्यावर पन्नास ते पाचशेच्या दरम्यान घरे आहेत. एका घराच्या दोन्ही बाजूंच्या घरक्रमांकांची बेरीज सारखी येते. तर ते घर कोणते? रामानुजन विस्तवावर काहीतरी ढवळत होते. ढवळता ढवळताच त्यांनी एक परंपरित अपूर्णांक, म्हणजे छेदात पुन्हा अपूर्णांक अशी साखळी, सांगितला. त्यातून हे कोडे तर सुटतेच, शिवाय त्या जातीची सगळीच कोडी सुटतात. या कोड्याचे उत्तर: घरे २८८, क्रमांक २०४. भांड्यात काय होते आणि ते लागले का, याची चौकशी गणिताच्या इतिहासकारांनी केलेली नाही. स्वयंपाकाच्या दृष्टीने ही उणीव मोठी आहे.

पण एकट्याच्या स्वयंपाकात पाहुणा शिरला की त्याची शांती जाते. रामानुजननी एकदा केंब्रिजमधले स्नेही ज्ञानेशचंद्र चटर्जी, त्यांची नियोजित वधू आणि आणखी एका बाईंना जेवायला बोलावले. रसम वाढले, पुन्हा वाढले. तिसऱ्यांदा बायकांनी नको म्हटले. थोड्या वेळाने पाहतात तो यजमानच घरात नाहीत. काही दिवसांनी ऑक्सफर्डहून त्यांची तार आली, पाच पौंड पाठवा म्हणून. आग्रह मोडल्यावर यजमानाने रुसणे आपल्याकडे नवे नाही, पण रुसून गाव सोडण्याचा मान रसमालाच मिळाला. एकटे जेवणाऱ्याला हे भय नसते: तिसरी वाटी नाकारणारा आणि दुखावणारा तोच, त्यामुळे तडजोड लवकर होते.

मात्र त्याला रागावणारेही कुणी नसते. पहिल्या महायुद्धात भाजी-दूध मिळेनासे झाले, आणि रामानुजन तासन्‌तास काम करून वेळी-अवेळी जेवत. १९१७ मध्ये ते आजारी पडले, ते पुरते बरे झालेच नाहीत. आजारामागे काय होते यावर डॉक्टरांचे आजही मतभेद आहेत, पण वेळच्या वेळी जेवावे याबद्दल नाहीत.

राहता राहिला उरलेला भात. अर्ध्या वाटीचा अंदाजही चुकतो, आणि तो कायम जास्तीकडेच चुकतो. कावेरीच्या मुलखात यावर पळैय सादम हा जुना उपाय आहे: रात्री भातात पाणी घालून ठेवायचे, सकाळी तोच आंबूस भात ताक आणि लहान कांद्यांबरोबर खायचा. त्यामुळे रात्रीची चूक सकाळी न्याहारी म्हणून खपते आणि एक चूल पेटवणे वाचते. भांड्यांवर मात्र उपाय सापडलेला नाही. चोंबू, कढले, खलबत्ता, पातेले, ताट आणि वाटी, एवढे एकालाही लागते आणि चौघांनाही. चोंबू तेवढा काथ्याने घासू नये. कथील मऊ असते, ओरखडे पडतात.