त्या फॉर्मवरचं ‘नाही’ तुमचं होतं

संगमनेर

विमानाची तिकिटं काढून देणाऱ्या साहेबांना,

तुमचं किंवा तुमच्या ऑफिसचं नाव या पत्रात घालत नाही. चार ओळी वाचल्यात की तुम्ही स्वतःला ओळखाल. बहिणीच्या बाळंतपणासाठी आमची आई आणि अण्णा ऑकलंडला निघाले होते आणि न्यूझीलंडच्या प्रवासी घोषणापत्राचा ऑनलाइन फॉर्म तुम्ही भरून दिलात. तिथलं सरकार तो फुकट भरून घेतं, तुम्ही पैसे घेतलेत. त्याबद्दल तक्रार नाही, कामाचे पैसे घ्यावेत. पण ‘सोबत काही खाद्यपदार्थ आहेत का’ या प्रश्नाशी आई आपण होऊन म्हणाली, “डिंकाचे लाडू आहेत हो, अन् तूप.” त्यावर तुम्ही म्हणालात, “मावशी, ‘हो’ केलं की बॅग उघडतात. सगळे ‘नाही’च करतात.” आणि केलंत ‘नाही’.

बॅग उघडलीच. डिंकाचे लाडू, घरचं कढवलेलं तूप, खव्याचे पेढे आणि अकोल्याच्या डोंगरातल्या मधाची बाटली, सगळं टेबलावर मांडलं गेलं. बॅगेवर अण्णांचं नाव होतं, म्हणून दंड अण्णांच्या नावावर: ४०० न्यूझीलंड डॉलर, म्हणजे आपले वीस हजारांच्या आसपास. मध तर तिथे प्रवाशाला नेताच येत नाही, तो गेला असताच. पण फॉर्मवर ‘हो’ असतं, तर चालण्यासारखं ठेवलं असतं, न चालणारं काढून घेतलं असतं आणि दंड एका पैशाचाही झाला नसता. दंड लाडवांना नव्हता साहेब, तो तुमच्या ‘नाही’ला होता.

बहीण पोटुशी, तरी लॅपटॉप घेऊन अपील लिहायला बसली. दंडावर हरकत घेता येते, कोर्टात सुनावणीही मागता येते. तिने लिहिलं की आईवडील वयस्कर आहेत, इंग्रजी येत नाही, नियम माहीत नव्हता. अण्णांनी ते वाचून घेतलं आणि खोडायला लावलं. म्हणाले, “माहीत नव्हतं असं कसं? तुझी आई त्या माणसाला सांगत होती, मी शेजारीच बसलो होतो. दुसऱ्याने भरलं आणि आम्ही वाचून घेतलं नाही, एवढंच लिही.” तेवढंच लिहिलं. अपील फेटाळलं गेलं. फॉर्म कुणीही भरो, जबाबदारी प्रवाशाची. नियम तसाच आहे आणि तो बरोबरही आहे. पैसे भरले. पण ज्या माणसाने डेअरीवर कधी पाणी घातलेलं दूध नेलं नाही, त्याच्या नावापुढे परक्या मुलखात ‘खोटी माहिती दिली’ अशी नोंद पडली. मला तुमचा राग येतो तो इथे.

तुम्ही याच तालुक्यातले. इथे घरटी गाय आहे, घराघरांतली चूल दुधाच्या पगारावर पेटते. लाळ्या-खुरकूत म्हणजे काय, हे तुम्हाला समजावून सांगायला नको. जनावराच्या तोंडातून तार लागते, खुरात जखमा होतात, दूध एकदम आटतं, वासरं दगावतात. सहा-सहा महिन्यांनी लस टोचूनही आपल्याकडून तो रोग गेलेला नाही. न्यूझीलंडमध्ये तो आजवर एकदाही आलेला नाही, आणि तो देश दुधावर जगतो. २००१ साली इंग्लंडात हा रोग शिरला. बेकायदा आलेलं मांस खरकट्यातून डुकरांच्या पुढ्यात गेलं असावं, असा निष्कर्ष निघाला. साथ आवरताना तिथे साठ लाखांहून जास्त जनावरं मारावी लागली. अण्णांना हे तुमच्या खुर्चीसमोर कुणी दोन वाक्यांत सांगितलं असतं, तर त्यांनी स्वतःच्या हाताने पेढे बॅगेतून काढून ठेवले असते. गोठ्यात रोग शिरला की काय होतं, ते त्यांनी दोनदा पाहिलंय.

ऑस्ट्रेलियाचंही तेच. आपल्या धान्यातला खापरा भुंगेरा तिकडे पोचू नये म्हणून तांदूळ, हरभरा, जिरं, धणे, सुकी मिरची यांना प्रवाशाच्या सामानात बंदी आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये मल्याळी अभिनेत्री नव्या नायर यांना मेलबर्न विमानतळावर मोगऱ्याच्या गजऱ्यापायी १,९८० ऑस्ट्रेलियन डॉलर दंड झाला. ही बातमी तुमच्या धंद्यातल्या माणसाने वाचलीच असेल. वाचूनही त्यानंतर तुमच्याकडून किती ‘नाही’ गेले?

आई अजून त्या मधाचं बोलते. नातवाच्या जिभेवर पहिलं बोट ठेवायला म्हणून नेला होता. मी तिला सांगितलं की एवढ्या तान्ह्या बाळाला मध देऊच नये, डॉक्टरही नकोच म्हणतात. तिला ते पटलं. पण टेबलापलीकडच्या अधिकाऱ्याने विचारलं, “मग ‘नाही’ का लिहिलंत?” आणि अण्णांनी मान खाली घातली, ते काही तिच्या डोळ्यांपुढून जात नाही.

वीस हजार मी मागत नाही. येत्या शनिवारी आमच्या गल्लीतल्या एक काकू तुमच्याकडे येणार आहेत, मुलाकडे वेलिंग्टनला निघाल्यात. त्यांच्या बॅगेत मेतकूट आहे, कुरडया आहेत, लोणचं आहे. त्यांना समोर बसवा, प्रश्न मराठीत वाचून दाखवा आणि ‘हो’ करा. मी त्यांच्यासोबत येणार आहे.

अण्णांचा मुलगा