वाटोळे की लांबट?

अब्राहम डार्बीने इंग्लंडात 1707 साली वाळूच्या साच्यात बिडाची भांडी ओतण्याची सनद मिळवली, तेव्हा त्या पोटफुग्या पात्रांच्या आकाराविषयी कोणी फिर्याद गुदरल्याचे ऐकिवात नाही. परंतु 1925 साली फ्रान्समधील ल क्रूझे या कारखान्याने त्यांवर एनॅमलचा नारिंगी मुलामा चढवला आणि डच ओव्हन नावाचे हे निमूट पात्र प्रतिष्ठेच्या दफ्तरी दाखल झाले. लंबवर्तुळाकार पात्राचे वकील सांगतात की, अख्खी कोंबडी किंवा कोकराची तंगडी त्यात ऐसपैस पहुडते. आणि ते सत्यही आहे, मात्र जिथे अशी तंगडी केवळ नाताळला अवतरते, तिथे उरलेले 364 दिवस शेगडीची वाटोळी ज्योत मधला कांदा करपवते आणि दोन्ही टोकांचा कच्चा ठेवते, याचा उल्लेख त्यांच्या कैफियतीत नसतो. भट्टीत उष्णता चहूबाजूंनी येत असल्यामुळे हा पक्षपात बव्हंशी नाहीसा होतो, हेही न्यायबुद्धीने नमूद केले पाहिजे. तात्पर्य, शेगडीवर रोज रांधणाऱ्याने वाटोळे घ्यावे, भट्टीत अख्खे भाजणाऱ्याने लांबट. आणि ज्यांना ते फडताळावर मांडून केवळ पाहुण्यांच्या नजरेस आणायचे आहे, त्यांनी खुशाल रंगावरूनच निवाडा करावा, कारण त्या कामी दोन्ही आकार सारखेच निर्दोष ठरले आहेत.