पुढे २३५, मागे २४५

नाशिकमध्ये थारबद्दल मत नसलेला माणूस शोधून सापडणार नाही. नवी थार इथेच बनते, त्यामुळे सातपूर-अंबडच्या वाऱ्यावर वाढलेला प्रत्येकजण स्वतःला अर्धा इंजिनीअर समजतो. माझ्या दारात जुनी थार आहे, म्हणून मी पाऊण.

तिचे मागचे दोन टायर गुळगुळीत झाले. जुन्या थारचं माप २३५/७० आर १६. नव्या थारच्या एका मॉडेलला २४५/७५ आर १६ येतात. हौशी लोक नवी गाडी घेतात, शोरूमचे कोरे टायर लगेच काढून आणखी दांडगे चढवतात आणि काढलेले स्वस्तात विकतात. असे दोन मला एका पोराकडून मिळाले. रिम सोळाचीच, त्यामुळे चपखल बसले. गाडीचा मागचा भाग असा उचलला गेला की सोसायटीतली पोरं वळून बघायला लागली.

मेव्हणा अंबडला क्वालिटी विभागात आहे. लग्नात हारसुद्धा व्हर्नियरने मोजेल असा.

"दाजी, व्यास काढलात का?"

"अरे, पाच-दहाचा तर फरक."

त्याने पेपरच्या कडेला गणित मांडलं. पुढचं चाक ७३५ मिलिमीटर, मागचं ७७४. किलोमीटरभरात पुढचं ४३३ फेरे घेणार, मागचं ४११. "फोर व्हील टाकलं की पुढचा-मागचा शाफ्ट एकत्र बांधला जातो. मग हे बावीस फेरे जाणार कुठे?"

"रस्त्यावर सांडतील," मी म्हणालो. आता सांगतो, मला हे उत्तर तेव्हा फार हजरजबाबी वाटलं होतं.

टू व्हीलवर काहीच बिघडलं नाही. काटा ८० दाखवायचा तेव्हा गाडी ८४ने पळायची, तेवढंच. पाऊस लागल्यावर सहकुटुंब पहिन्याला गेलो. चिखलात फोर व्हील टाकलं आणि थार हत्तीच्या दिमाखात बाहेर आली. चिखलात चाकं घसरतात, त्यामुळे ते फेरे खरोखरच सांडत होते! मेव्हण्याला फोन लावून ऐकवावं म्हटलं, पण रेंज नव्हती. या आनंदात दांडी परत टू व्हीलवर घ्यायची राहिली.

डांबरावर चाकाला घसरायची सोय नसते. पेगलवाडी फाट्याच्या वळणावर स्टिअरिंग दगडासारखं जड झालं, खालून कट्-कट् सुरू झालं आणि गाडी हिसके देत उभी राहिली. दांडी फोर व्हीलमध्ये रुतलेली. मी दोन्ही हातांनी ओढली, पाय डॅशबोर्डला लावून ओढली.

"अहो, तुमच्या त्या पोराला विचारा ना," बायको म्हणाली. तिचा भाऊ 'तिचा भाऊ' असतो. टायर विकणारा पोरगा मात्र माझा.

फाट्यावरचा मिस्त्री आला. त्याने आधी मागून पाहिलं, मग पुढून, मग माझ्याकडे. "साहेब, ओढू नका, हातात येईल." मागच्या चाकांना दगड लावले, पुढच्या डाव्या बाजूला जॅक घातला. चाक जमिनीवरून सुटलं मात्र, धाडकन आवाज झाला आणि ते आपोआप गर्रकन फिरलं. शाफ्टमध्ये कोंडलेला पीळ मोकळा झाला होता. मग त्याने एका बोटाने दांडी टू व्हीलवर आणली. माझ्या देखत, माझ्या बायकोच्या देखत, एका बोटाने.

"आणखी दोन-चार किलोमीटर रेटली असतीत तर ट्रान्सफर केस गेली असती. तेवढ्या खर्चात चारही टायर नवे आले असते."

आता चारही २३५ आहेत, एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे. मेव्हण्याने स्टेपनीही मोजली; मी अडवलं नाही. तुमची गाडी फोर व्हील असेल तर टायरच्या बाजूवरचे आकडे चारही चाकांवर वाचा, झीजही सारखी आहे का बघा.

आणि हो, २४५/७५चे दोन टायर विकणे आहेत. रबर भरपूर शिल्लक. ज्याच्याकडे त्याच मापाचे आणखी दोन असतील त्यानेच यावे.