श्री. ओझोन, मुक्काम फिनिक्स, यांस अनावृत पत्र

सप्रेम नमस्कार वि. वि.

पत्र असं उघड्यावर लिहिण्याचं कारण म्हणजे तुमचा पत्ता कोणालाच नीट सांगता येत नाही. कारखान्याच्या धुराला चिमणी असते, ट्रकच्या धुराला नळकांडं असतं. तुम्ही मात्र कशातूनच बाहेर पडत नाही. सकाळी आय-टेनवरून आणि लूप १०१ वरून आम्ही सगळे कामाला निघतो आणि गाड्यांमागे नायट्रोजनची ऑक्साइडं सोडत जातो. पेट्रोलच्या वाफा, रंगातला थिनर, बागकामाच्या यंत्रांचं अर्धवट जळलेलं इंधन, सगळं त्यात मिसळतं. पुढचं काम ऊन करतं. ते या नायट्रोजनच्या संगतीतला एक ऑक्सिजन अणू सोडवतं, तो हवेतल्या ऑक्सिजनला जाऊन चिकटतो, आणि दुपारपर्यंत तुम्ही हजर! हातभार सगळ्यांचा, पण पालक म्हणून सही करायला कोणी पुढे येत नाही. अशा परिस्थितीतही तुम्ही इतकं बाळसं धरलंत, याबद्दल आधी अभिनंदन. ओझोनने गांजलेल्या शहरांची जी यादी अमेरिकन लंग असोसिएशन दर वर्षी काढते, तिच्यात आपलं फिनिक्स हल्ली पहिल्या पाचांत असतं.

तुमच्या थोरल्या बंधूंची पुण्याईही तुमच्या कामी येते. ते वर वीस-पंचवीस किलोमीटरवर बसून अतिनील किरण अडवतात, शाळेच्या पुस्तकात त्यांच्यावर धडा असतो, आणि १९८७ साली त्यांना वाचवायला देशोदेशीचे लोक मॉन्ट्रियलला जमून करार करून गेले. त्यामुळे पुण्याला फोनवर ‘इथे ओझोन फार वाढलाय’ म्हटलं की मामी म्हणतात, ‘बरंच झालं की गं, मध्ये भोक पडलं होतं ना त्याला?’ आता मामींना काय सांगावं? आकाश निळंभोर असतं, डोंगर स्वच्छ दिसतात, आणि घशात खवखव सुरू होते.

जागा निवडताना मात्र तुम्ही जरा खोडसाळपणा केलात. ही दरी एके काळी फुप्फुसांसाठीच प्रसिद्ध होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला क्षयाचे रोगी अमेरिकेच्या पूर्वेकडून आगगाडीत बसून इथे येत. डॉक्टरच सांगत, कोरड्या हवेत जा. शहराला ही हवा विकायची होती, पण खोकणारी गिऱ्हाइकं शहरात नको होती. त्यांच्या तंबूंना हद्दीत जागा मिळेना, म्हणून पैसे नसलेले रोगी उत्तरेला सनीस्लोपच्या माळावर तंबू ठोकून राहिले. त्यांना मदत करायला ‘डेझर्ट मिशन’ सुरू झालं आणि त्यातून पुढे मोठं रुग्णालय उभं राहिलं. पुढे कित्येक वर्षं दम्याच्या रोग्यांनाही ॲरिझोनाचीच शिफारस होत असे. आज त्याच दरीत पन्नास लाखांच्या आसपास माणसं आणि त्यांच्या गाड्या आहेत. शाळेच्या खांबावर हवेचा रंग सांगणारा झेंडा चढतो. हिरवा असला की मुलं मैदानात, लाल असला की दम्याची मुलं वर्गात. इनहेलर नर्सच्या कपाटात.

तुमची खरी हुशारी जागेवर न सापडण्यात आहे. महामार्गाच्या अगदी कडेला, जिथे धूर सर्वांत दाट, तिथे तुम्ही कमी असता, कारण गाड्यांतून ताजा निघालेला नायट्रिक ऑक्साइड तुम्हालाच खाऊन टाकतो. दिवसा वारा दरीतून ईशान्येच्या चढाकडे वाहतो, त्याच्याबरोबर तुमचा कच्चा माल जातो, आणि फाउंटन हिल्सच्या बाजूला, शहराचा त्रास नको म्हणून डोंगराच्या कुशीत महागडी घरं घेतलेल्या लोकांच्या अंगणात तुम्ही दुपारी उतरता. गुन्हा एका पेठेत, प्रेत दुसऱ्या पेठेत. कोणता फौजदार तपास लावणार?

आमच्या गल्लीत दर आठवड्याला भर दुपारी माळीकाम करणारी टोळी येते. वाळवंटातलं अंगण, म्हणजे गवत नाही, नुसती खडी. तिच्यावर पालो व्हर्देची चार पिवळी फुलं पडलेली असतात. पाठीवर पेट्रोलचं यंत्र बांधलेला पोरगा ती फुलं फुंकून शेजाऱ्याच्या खडीत ढकलतो. पुढे शेजाऱ्याचा माळी येतो आणि ती आमच्याकडे ढकलतो. पोराने तोंडाला फडकं बांधलेलं असतं. त्याने धूळ थोडीफार अडते, तुम्ही अडत नाही. तुम्ही वायू आहात. तुमच्यापुढे एन-९५ सुद्धा हात टेकतो.

सरकारी पातळीवर फुलं ढकलायचं हेच काम कागदावर चालतं. २०१५ मध्ये केंद्राच्या पर्यावरण संस्थेने, म्हणजे ईपीएने, आठ तासांच्या सरासरीला ०.०७० पीपीएमची मर्यादा घातली. २०१८ मध्ये आपली दरी ‘किरकोळ’ नापासांत बसली, २०२१ ची मुदत हुकली, २०२२ मध्ये ‘मध्यम’ वर्गात ढकलली गेली आणि ऑगस्ट २०२४ ची नवी मुदत मिळाली. या काळात जोरात चाललेलं काम म्हणजे तुमचा जन्म दुसऱ्याच्या घरचा ठरवण्याचं. थोडे कॅलिफोर्नियाचे, थोडे मेक्सिकोचे, थोडे पॅसिफिक ओलांडून आशियातून आलेले. वणव्याच्या धुराचे दिवस ‘अपवादात्मक’ म्हणून खोडायला अर्ज करता येतो. स्वच्छ हवा कायद्यात १७९-बी नावाचं कलमच आहे: परदेशातून आलेला वाटा नसता तर आम्ही पास झालो असतो, हे सिद्ध केलं की खालच्या वर्गात जाणं टळतं. मेक्सिकोतून तुमचे नातेवाईक येतात, हे खरंच आहे. पण परदेशी पाहुण्यांचा हिशेब ज्या तळमळीने ठेवतात, त्या तळमळीने गावातल्या गाड्यांचा ठेवलेला मी तरी पाहिला नाही.

या घाईचं कारण फुप्फुसं नाहीत, कारखाने आहेत. नापास भागात मोठा नवा कारखाना आणायचा तर तो जेवढं प्रदूषण वाढवणार, त्याहून जास्त दुसरीकडे कमी करून दाखवावं लागतं, आणि वर्ग खाली गेला की हे प्रमाण वाढतं. इथे चिप बनवणाऱ्यांची रांग लागली आहे. आमच्यासारख्या अनेक मराठी घरांची चूल त्याच उद्योगावर पेटते, त्यामुळे या बाबतीत माझा आवाज जरा खालच्या पट्टीत आहे, हे तुम्ही समजून घ्यालच.

तुम्हाला सावलीत ठेवणारा दुसरा उपकारकर्ता म्हणजे उन्हाळा. २०२३ मध्ये जून संपता संपता सुरू झालेली ४३ अंशांवरच्या दिवसांची माळ ३१ दिवस तुटली नाही. त्या वर्षी या काउंटीत ६४५ माणसं उष्णतेशी संबंधित कारणांनी गेली. तो आकडा निदान मोजला जातो, बातमीत येतो. तुम्ही श्वासनलिका सुजवता, दमा उठवता, म्हाताऱ्यांचा श्वास आखडता, पण मृत्यूच्या दाखल्यावर सहसा तुमचं नाव नसतं. शिवाय उन्हाचे आणि तुमचे उपाय एकमेकांच्या पायात येतात. ऊन उतरल्यावर पोरांना खेळायला सोडा म्हणतात, तर संध्याकाळी सहालाही तुम्ही मैदानावरून हललेले नसता. दार लावून एसीत बसलं की तुम्ही बरेच बाहेर राहता. ज्यांचं कामच छपरावर, रस्त्यावर किंवा डिलिव्हरीच्या गाडीवर आहे, त्यांना मोबाइलवर सूचना येते: आज प्रदूषण जास्त आहे, शक्यतो घरात थांबा, पेट्रोल अंधार पडल्यावर भरा, ड्राइव्ह-थ्रूच्या रांगेत इंजिन चालू ठेवू नका. ही सूचना मी स्वतः ड्राइव्ह-थ्रूच्या रांगेत कॉफीची वाट बघत, इंजिन चालू ठेवून वाचते. एसी बंद करून बसायची ताकद जूनमध्ये कोणात आहे?

तेव्हा तुम्हाला जा म्हणण्याचा अधिकार मला नाही. थोडं उशिरा येत जा, शाळा सुटून पोरं घरी पोचल्यावर, एवढीच विनंती.

कळावे,
आपली,
चँडलरमधली एक रहिवासी

ता. क. नियमानुसार वर्षातला चौथ्या क्रमांकाचा वाईट दिवस धरतात आणि तीन वर्षांची सरासरी काढतात. म्हणजे दर वर्षीचे सर्वांत वाईट तीन दिवस तुम्हाला माफ. यंदाचे ते तीन दिवस कोणते, हे आधी कळवाल का? शेजारच्या मुलाला दमा आहे आणि त्याच्या फुटबॉलच्या मॅचच्या तारखा ठरवायच्या आहेत. चौथ्या दिवसापासून मोजायला त्याची फुप्फुसं अजून शिकलेली नाहीत.