साठ हजारांचा कॉन्फिगवाला

छत्रपती संभाजीनगरात कॉन्फिगवाला साधारण अकरावीत आकाराला येतो आणि इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षापर्यंत पक्का होतो. सुटे भाग निवडून गेम खेळण्याजोगा कॉम्प्युटर जुळवायचा, त्यासाठी घरून मंजूर झालेल्या रकमेत बसेल अशी भागांची यादी करायची आणि ती वर्ष-दीड वर्ष बदलत राहायची, हा त्याचा मुख्य उद्योग. कॉलेज हा जोडधंदा. यादीला तो ‘कॉन्फिग’ म्हणतो. ती मोबाइलच्या नोट्समध्ये असते आणि तिचे नाव ‘फायनल’ असते. त्याखाली ‘फायनल २’, ‘फायनल नवी’ आणि ‘फायनल पप्पांना दाखवायची’ अशा आणखी याद्या असतात.

वस्ती सिडको, गारखेडा, बजाजनगर, पडेगाव. वडील वाळूज किंवा चिकलठाण्याच्या कंपनीत, गावाकडे कन्नड-फुलंब्रीच्या बाजूला चार-पाच एकर. कॉन्फिगवालीही आढळते, पण ती यादी दोनदा करते आणि तिसऱ्या आठवड्यात मशीन घेऊन मोकळी होते. त्यामुळे तिच्याविषयी लिहिण्यासारखे फारसे उरत नाही.

बजेट ही गोष्ट कॉन्फिगवाला ठरवत नाही. जेवताना वडिलांच्या तोंडून एक आकडा निघतो, बहुधा ६०,०००. शेजारच्या मुलाचा लॅपटॉप तेवढ्याचा असतो, एवढाच त्याला आधार. मग लॅपटॉप का नको, यावर मुलाचे भाषण होते: लॅपटॉप तापतो, त्यातले ग्राफिक कार्ड बदलता येत नाही, असेंबल मशीनचा एकेक पार्ट मात्र पुढे बदलता येतो. तीस वर्षे जुनी चेतक पार्ट बदलून बदलून चालवलेल्या माणसाला हे शेवटचे वाक्य लगेच पटते. मंजुरी मिळते. या ६०,००० रुपयांत मॉनिटर, कीबोर्ड, माउस, यूपीएस आणि विंडोज धरलेले नाही, ही बाब वडिलांना हप्त्याहप्त्याने कळते.

निवडीची सुरुवात ग्राफिक कार्डापासून होते. पडद्यावरचे चित्र सेकंदाला किती वेळा नव्याने रंगेल (म्हणजे एफपीएस) हे बहुतेक गेममध्ये तेच ठरवते, म्हणून एकूण रकमेचा तिसरा हिस्सा ते निम्मा हिस्सा एकट्या कार्डाकडे जातो. उरलेल्यात बाकीचा संसार. ही वाटणी कॉन्फिगवाल्याला परदेशी तज्ज्ञांचा शोध वाटते, पण तिचा उत्तम नमुना त्याच्याच शहरात उभा आहे. बीबी का मकबरा १६६०च्या सुमारास पुरा झाला. औरंगजेबाने त्यासाठी सात लाख मंजूर केले होते आणि खर्च ६,६८,२०३ रुपये ७ आणे झाल्याची नोंद सांगितली जाते. दुरून ताजमहालासारखा दिसला पाहिजे आणि पैसे तर नाहीत, अशा पेचात कारागिरांनी संगमरवर जिथे नजर जाते तिथे वापरला: खाली कमरेच्या पट्ट्याला आणि वर घुमटाला. मधल्या भागात काळा दगड, त्यावर गुळगुळीत चुन्याचा गिलावा. ग्राफिक कार्डात पैसा ओतून मदरबोर्डावर गिलावा देणे याहून वेगळे नाही. शिवाय मंजूर रकमेतून तीसेक हजार शिल्लक राहिले, जे आजवर एकाही कॉन्फिगवाल्याला जमलेले नाही.

कार्ड ठरले की प्रोसेसर. इथे दोन पंथ आहेत. इंटेल पंथाचा गरिबांचा देव म्हणजे कोअर आय-थ्री १२१००एफ. कोअर चारच, पण कमी किमतीत चपळ. एएमडी पंथात रायझन ५ ५६००ला मान, सहा कोअर आणि सोबत पंखा फुकट. दोन्ही २०२२ सालचे. त्यानंतर कितीतरी नवे प्रोसेसर आले, तरी साठ हजारांच्या यादीतून ही नावे लवकर हटत नाहीत. इंटेलच्या नावाला ‘एफ’ असेल तर त्या प्रोसेसरमध्ये स्वतःचे ग्राफिक नसते. हे कॉन्फिगवाला दहा मित्रांना समजावतो आणि ऐन वेळी विसरतो. ती हकिगत पुढे येईल.

दारी येणाऱ्या प्रत्येकाला तो ‘बॉटलनेक’ समजावतो: कार्ड दांडगे आणि प्रोसेसर मरतुकडा असेल तर कार्ड रिकामे बसून राहते. एकदा तो हे वडिलांनाही सांगायला जातो. वडील शर्टाची बटणे काढत ऐकून घेतात. लाइनवर सात मशीन चाळीस सेकंदांत जॉब काढतात आणि आठवे सत्तर घेते, तर लाइन सत्तरचीच, हे ते वाळूजला बावीस वर्षे पाहत आलेले असतात. ‘‘मग आठव्यालाच पैसे लाव ना,’’ एवढे बोलून ते हातपाय धुवायला जातात. कॉन्फिगवाल्याला तीन व्हिडिओंत न उमगलेला मुद्दा असा मोरीच्या दारात मिटतो.

रॅमबाबत नियम सोपा आहे. १६ जीबी हवी तर ८ जीबीच्या दोन पट्ट्या घ्याव्यात, म्हणजे दोन्ही वाटांनी माहिती ये-जा करते आणि गेम अडखळत नाही. पैसे संपत आले की कॉन्फिगवाला एकच पट्टी लिहितो आणि पुढे ‘दुसरी नंतर’ अशी टीप देतो. एका बैलावर शेत करण्याचाच हा प्रकार. फरक इतकाच की बैल शेजाऱ्याकडून सावडीने मिळतो, रॅम मिळत नाही. मदरबोर्ड, एसएसडी आणि कॅबिनेट यांवर त्याचे प्रेम कमी. मात्र कॅबिनेटला काच हवी आणि आतले पंखे रंगीत दिव्यांचे हवेत, यावर तडजोड नाही. दिव्यांनी गेमचा वेग वाढत नाही हे त्याला ठाऊक असते. गणपतीच्या मखराला एलईडीची माळ लावणाऱ्या गावात हा प्रश्न कुणी विचारतही नाही.

खरी परीक्षा एसएमपीएसची. भिंतीतून येणारी २३० व्होल्टची वीज घेऊन आतल्या नाजूक मंडळींना १२ व्होल्ट, ५ व्होल्ट अशी वाटून देणारा हा पत्र्याचा डबा. दिसत नाही, चमकत नाही, वेग वाढवत नाही; म्हणून कात्री पहिली इथेच लागते. कॅबिनेटसोबत जवळपास फुकट येणाऱ्या डब्यावर ५०० हा आकडा ठळक छापलेला असतो, पण ग्राफिक कार्डाला लागणाऱ्या १२ व्होल्टच्या तारेला त्यातले नेमके किती मिळते, ते कोपऱ्यातल्या बारीक कोष्टकात दडलेले असते. ब्रॉन्झ, गोल्ड ही पदकेदेखील वीज किती कमी वाया जाते एवढेच सांगतात, डबा किती टिकेल ते सांगत नाहीत. कॉन्फिगवाल्याला हे सारे पाठ असते, तरी काचेच्या कॅबिनेटसाठी तो याच ओळीतून दीड हजार काढतो. यादी वडिलांपुढे जाते. वडील ग्राफिक कार्डाचे नाव वाचत नाहीत, काचेवर काही बोलत नाहीत. एसएमपीएस म्हणजे काय, एवढेच विचारतात. उत्तर ऐकून त्यांना गावाकडची विहिरीवरची मोटार आठवते. प्लेटवर पाच एचपी, रात्रीच्या लाइटीला व्होल्टेज कमी, आणि दर उन्हाळ्यात एकदा रिवाइंडिंगसाठी मोटार बाहेर काढून तालुक्याला नेणे. ‘‘हा चांगला घे. जळला तर सगळं जाईल,’’ असे म्हणून ते बजेट आपणहून दीड हजाराने वाढवतात. सगळ्या व्यवहारात न मागता मिळालेली वाढ ही एवढीच.

यादी तयार झाली म्हणजे खरेदी झाली असे नव्हे. मध्ये भाव उतरण्याची वाट पाहण्याचा मोठा कालखंड येतो. २०२१मध्ये एकीकडे चिपांचा तुटवडा आणि दुसरीकडे आभासी चलन खणणाऱ्यांची झुंबड, त्यामुळे ग्राफिक कार्डे छापील किमतीच्या दुपटीनेही मिळेनात. सप्टेंबर २०२२मध्ये इथेरियमने आपली पद्धत बदलली, कार्डांवरचे खाणकाम थांबले आणि महिनोन्‌महिने रात्रंदिवस राबलेली कार्डे ‘फक्त घरगुती वापर’ अशा वर्णनासह बाजारात आली. २०२५च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केली आणि रॅमचे भाव भडकले. अशा प्रत्येक वळणावर कॉन्फिगवाला ‘थांबू या’ म्हणतो. त्याच घरात गेल्या दिवाळीपासून दहा क्विंटल कापूस भाव वाढेल म्हणून पडून असतो. बाप वाढण्याची वाट पाहतो, मुलगा उतरण्याची. कापसाने अंगाला खाज सुटते, कॉन्फिगने घरच्यांच्या डोक्याला. भाव दोघांनाही विचारून हलत नाही.

खरेदीच्या वाटा तीन. निराला बाजार-औरंगपुरा भागात फिरून कोटेशन गोळा करणे ही पहिली. दुकानदार यादीकडे न पाहता काचेमागचे लुकलुकणारे तयार मशीन दाखवतो: ‘‘आय-सेव्हन आहे, ग्राफिक आहे, लाइट आहे, पस्तीसला देतो.’’ तो आय-सेव्हन २०१२ सालचा असतो आणि १२१००एफसारखा आजचा आय-थ्री त्याला सहज मागे टाकतो. कॉन्फिगवाला हे सप्रमाण सांगू लागतो. दुकानदार शांतपणे ऐकतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाला तेच मशीन विकतो. दुसरी वाट रात्रीच्या देवगिरी एक्सप्रेसने मुंबईला जाऊन लॅमिंग्टन रोड पालथा घालण्याची. तिथे हजार रुपये वाचतात. तिकीट, वडापाव आणि सोबत आलेल्या मित्राचा पाहुणचार यांत ते हिशेबाने खर्च होतात. तिसरी ऑनलाइन. तिच्यात शहराचे नाव हा एक प्रश्न होऊन बसला आहे. २०२३मध्ये नाव बदलले, पण कंपन्यांच्या याद्यांत कुठे जुने, कुठे नवे, कुठे अर्धवट कापलेले. त्यात एक औरंगाबाद बिहारमध्येही आहे. म्हणून कॉन्फिगवाला ४३१ने सुरू होणारा पिनकोड मंत्रासारखा तीनदा तपासतो आणि पार्सल नाशिकला पोचल्याचे दिसले की घरभर सांगत सुटतो.

जुळवणी रविवारी, फरशीवर, आईच्या शिलाई मशीनच्या स्क्रूड्रायव्हरने होते. अंगातली स्थिर वीज जावी म्हणून तो दर पाच मिनिटांनी नळाला हात लावून येतो. आठवड्यातून एकदा-दोनदा पाणी येणाऱ्या शहरात त्या नळाला इतके दर्शनार्थी एरवी मिळत नाहीत. चार तासांनी बटण दाबले जाते. पंखे फिरतात, दिवे सात रंगांत नाचतात, पडदा मात्र काळा. घरात सुतकी शांतता पसरते. कॉन्फिगवाला रॅम काढून पुसतो, पुन्हा लावतो, ज्या मित्राला काल अडाणी म्हटले त्यालाच फोन करतो. तासाभराने मित्र येऊन मागे डोकावतो: मॉनिटरची केबल ग्राफिक कार्डाऐवजी मदरबोर्डाला लावलेली असते, आणि प्रोसेसर ‘एफ’चा. केबल चार बोटे खाली सरकते, चित्र उमटते आणि आई देवापुढे साखर ठेवते.

मशीनचे पुढचे आयुष्य तुलनेने साधे. यादी सायबरपंक २०७७ जास्तीत जास्त सेटिंगवर चालावा म्हणून केलेली असते. तो एकदा चालवून, कोपऱ्यातल्या एफपीएसच्या आकड्याचा फोटो काढून बंद केला जातो. रोज खेळला जातो व्हॅलोरंट, जो याच्या निम्म्या किमतीच्या मशीनवरही पळाला असता. मोठा भाऊ सुटीत घरी आला की सायबर कॅफेत तासावर बसून खेळलेला व्हाइस सिटी त्यावर टाकून घेतो, आणि २००३ साली कॉम्प्युटरवर आलेला तो गेम काचेच्या कॅबिनेटात सर्वांत सुखाने नांदतो. १४४ हर्ट्‌झचा मॉनिटर सेटिंग न बदलल्यामुळे सात महिने ६०वरच चालत होता, हे कॉन्फिगवाला कुणालाही सांगत नाही.

एप्रिलमध्ये पारा चाळिशीपार गेला की काच उतरते. मशीनशेजारी टेबल फॅन येतो. पाण्यावर थंड होणारा कूलर घ्यायचा विचार नव्या यादीत शिरतो. डोंगरातले पाणी मातीच्या नळांतून आणून पाणचक्की फिरवणाऱ्या शहराला ही कल्पना नवी नाही. पण वडिलांच्या मते घरात आधीच एक कूलर आहे, त्याच्या टाकीत रोज दोन बादल्या जातात, आणि टँकरचे पैसे कोण देते हे सगळ्यांना माहीत आहे.

यानंतर कॉन्फिगवाला स्वतःसाठी याद्या करत नाही, मित्रांसाठी आणि मामेभावांसाठी करतो, आणि प्रत्येकीत एसएमपीएसची ओळ सर्वांत वर लिहितो. वॉरंटी आहे म्हणून एकही खोके टाकू देत नाही. ग्राफिक कार्डाचे, मदरबोर्डाचे आणि कॅबिनेटचे भले थोरले खोके माळ्यावर चढते. तिथे वडिलांनी ठेवलेली मिक्सरची, टेबल फॅनची आणि १९९८च्या टीव्हीची खोकी आधीपासून असतात. टीव्ही भंगारात जाऊन बारा वर्षे झालेली असतात. वडील खुर्चीवर चढतात, टीव्हीचे खोके थोडे आत सरकवतात आणि जागा करून देतात.