निनवेची गुरं

यशया संदेष्ट्याला पाचारण झालं तेव्हा मंदिर धुरानं भरलं होतं आणि उंबरठे हादरत होते. मला झालं तेव्हा पंखा हळू फिरत होता. मे महिन्यातला रविवार, नगरचं ऊन, सकाळी दहालाच सदरा पाठीला चिकटलेला. पाळकसाहेबांनी पुलपिटावरून विचारलं, "नेवासे तालुक्यात आठ दिवस सेवेला कोण येणार?" नेमकं त्याच क्षणी मी बटणांपाशी बसलेल्या भाच्याला पंखा वाढव म्हणून हात वर करून बोटं फिरवली.

"हालेलूया!" पाळकसाहेब म्हणाले. अख्खी मंडळी मागे वळली. आईनं पदर डोळ्यांना लावला. आनंदानं रडणाऱ्या आईला 'अगं, पंखा' असं सांगायला जे धैर्य लागतं, ते माझ्याकडे कधीच नव्हतं.

मी भित्रा आहे. कुत्री, पाली, विहिरीचा काठ, अनोळखी माणसं आणि माईक, असा चढता क्रम. पवित्र शास्त्रात 'भिऊ नको' हे जागोजागी लिहिलेलं आहे. लहानपणी मला वाटायचं, ते माझ्याच नावानं धाडलंय. आवडता संदेष्टाही तसाच, योना. देवानं पूर्वेला निनवेस जा म्हटलं, तर हा गृहस्थ याफोला जाऊन पश्चिमेकडच्या तार्शीशचं भाडं भरून मोकळा. पळून जाणाऱ्या माणसाच्या नावानं चार अध्यायांचं पुस्तक शास्त्रात आहे, याचा मला फार आधार वाटतो.

अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं 1831 साली. पुढे साहेब लोक बैलगाडीत तंबू घालून खेडोपाडी हिंडले, नेवाशाकडे वडाळ्याला त्यांचं ठाणं झालं. आम्ही निघालो एसटीनं. सात माणसं, एक ढोलकी, मुलांसाठी खडूंचे खोके आणि एक पेटी. कंडक्टरनं पेटीकडं बोट केलं. "ह्यात काय?"

"सूर," आमचे कीर्तनकार काका म्हणाले.

"वजन किती सुरांचं?" असं विचारून त्यानं लगेजचं तिकीट फाडलंच.

दिवसा मुलांची शाळा, संध्याकाळी घरोघर प्रार्थना, रात्री कीर्तन. ख्रिस्ती कीर्तन म्हटलं की अजूनही कोणाकोणाच्या भुवया वर जातात. पण नगरला ते मुरलेलं आहे. एकोणिसाव्या शतकात कृष्णराव सांगळ्यांनी ते रुजवलं, नंतर ना. वा. टिळकांनी मराठी मंडळीच्या तोंडी भजन दिलं. आमच्या घरी तर पवित्र शास्त्राशेजारी टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं 'स्मृतिचित्रे' असतं. आजी म्हणायची, "पहिल्यानं देवाचं वाच, मग लक्ष्मीबाईंचं, म्हणजे देवाचंही हसत वाचता येतं." टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा सोवळ्याच्या धाकानं हादरलेली ही बाई. 1900 साली तिनं स्वतः घेतला, आणि 1919 मध्ये टिळक गेल्यावर त्यांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' तिनं पुरं केलं. आजीच्या मते लक्ष्मीबाई घाबरत घाबरतच सगळं करून बसल्या. मला वाटायचं, आपण त्यातला पहिला भाग तरी नीट जमवलाय.

पहिले तीन दिवस मी कडेकडेनं काढले. खडू वाटले, पेटी उचलली, कुत्रं दिसलं की मोठ्यानं स्तोत्र म्हटलं. त्यानं कुत्र्यावर काही परिणाम होत नसे, पण आपल्याला भीती वाटतेय हे गावाला कळायच्या आत आपण धार्मिक आहोत हे कळे.

चौथ्या दिवशी काकांनी फाट्यावर बर्फाचे दोन गोळे खाल्ले. संध्याकाळी त्यांच्या घशातून फक्त हवा येत होती. त्यांनी खुणेनं सगळ्यांकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि आपलं उपरणं काढून माझ्या गळ्यात घातलं. तार्शीशला जाणारी शेवटची एसटी साडेसहालाच गेली होती.

चर्चसमोरचं अंगण भरलं होतं. मंडळी होतीच, पण कीर्तन म्हटल्यावर शेजारपाजारचेही आले होते, आणि कोपऱ्यात एक दादा धारेची बादली घेऊनच बसले होते. मी नमनाला तोंड उघडलं. पेटीवाल्या पोरानं काकांच्या सवयीनं काळी चार धरली. माझा आवाज पांढरी एकला राहतो. काळी चार हे त्याचं परगाव. पहिल्याच ओळीत मी निम्म्यात चढलो आणि तिथून उतरता येईना. समोर एक आजी बसल्या होत्या, तोंडात एक दात. त्यांनी डोळे मिटून खालच्या सुरात तीच ओळ उचलली. सगळं अंगण त्यांच्यामागं आलं. आजी डोळे न उघडता म्हणाल्या, "घाबरू नको लेकरा, प्रभू ऐकतोय. त्याला पट्टी कळत न्हाई."

लोक हसले. मीही हसलो, आणि हसताना पाय थरथरायचे थांबले. का ते माहीत नाही. पूर्वरंग मी दोन मिनिटांत उरकला आणि आख्यानाला योना घेतला, कारण तो मला पाठ होता. पाठ म्हणण्यापेक्षा घरचा होता. त्याचं पळणं असं रंगवलं, की काका बिनआवाजाचे हसून लाल झाले. मासा, तीन दिवस, तीन रात्री, ओकून टाकणं; पोरांनी ओकणं तीनदा करून दाखवायला लावलं. मग निनवे. चाळीस दिवसांची मुदत. राजा सिंहासनावरून उतरला, गोणपाट नेसला, राखेत बसला. आणि त्यानं हुकूम काढला की माणसांनी आणि गुराढोरांनीही काही खाऊ नये, पाणी पिऊ नये.

"थांबा म्हाराज," बादलीवाले दादा उभे राहिले. "माणसांचं समजलं. जनावरांनी काय पाप केलं? त्यांना उपास कशापायी?"

अंगण गप्प. मी काकांकडं पाहिलं; त्यांनी घशाकडं बोट दाखवलं. काका आजवर किती आख्यानं सांगत आले, पण बर्फाच्या गोळ्याइतकं सोयीचं उत्तर त्यांना कधी मिळालं नसेल.

"दादा, मला माहीत नाही," मी म्हणालो. माईकवरून एवढं मोठ्यानं मी काहीच कधी बोललो नव्हतो. "उद्या बघून सांगतो."

"दूध देणारी असत्याल तर लई हाल," दादा बसता बसता म्हणाले.

त्या रात्री कीर्तन साडेअकरापर्यंत चाललं. दोनदा वीज गेली. दुसऱ्यांदा गेली तेव्हा आजींनी अंधारात भजन धरलं आणि ढोलकी बेफाम झाली. चर्चच्या फरशीवर झोपताना डोक्यावर पाल होती. मी तिला पाहिलं, तिनं मला पाहिलं, आणि मी कूस बदलली.

पुढचे दिवस दादा भेटले नाहीत; लग्नाला गेले होते म्हणे. आठव्या दिवशी सकाळी आम्ही फाट्यावर उभे असताना ते म्हशी घेऊन आले. एसटी लागली होती, पेटी वर चढत होती, कंडक्टर तोच. मी खिडकीतून ओरडलो, "दादा! शेवटच्या अध्यायात आहे! योना रुसून बसतो, निनवे का वाचवलंस म्हणून. तेव्हा देव त्याला म्हणतो, तिथं एक लाख वीस हजारांवर माणसं आहेत, ज्यांना डावं-उजवं कळत नाही, आणि पुष्कळ गुरंही आहेत. तिथंच पुस्तक संपतं. गुरांवर!"

दादांनी म्हशीच्या पाठीवर हात ठेवून हे सगळं नीट ऐकून घेतलं.

"म्हंजी त्याच्या ध्यानात होती," ते म्हणाले.

"होती."

"मंग ठीक हाय," म्हणून ते वळले, आणि कंडक्टरनं विचारलं, "सुरांचं तिकीट कोण काढणार?"